लाव्ह्यासमोरून तू मला काय म्हणालीस?

विजू, तुला मी शेवटचं जे काही ऐकवलं ते एकोणीस सेकंदांचं आहे. मोबाइल ते आकड्यात लिहूनच दाखवतो, पळवाट ठेवत नाही. वर तू आइसलँडहून पाठवलेला व्हिडिओ, त्याच्याखाली माझा आवाज, त्यापुढे दोन निळ्या खुणा. त्यानंतर तुझं काहीच नाही. तू ऐकलंस आणि गप्प राहिलीस. पुढे बावीस दिवसांनी तू गेलीस. मधल्या काळात तू परत आलीस, आपण भेटलो, नळाच्या पाण्याविषयी बोललो, कामवालीच्या खाड्यांविषयी बोललो. पण तेवढं तर मी समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईशीही बोलते.

तुला जाऊन आज सदतीस दिवस झाले. तेराव्याला माणसं जेवून गेली, आणि जाताना प्रत्येकाने दाराशी उभं राहून मला तेच वाक्य ऐकवलं, "आयुष्यभराची हौस तरी पुरी करून गेली हो विजू." हे ऐकलं की मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. त्यांना काय ठाऊक, की ही हौस आपण दोघी बहिणींनी मिळून पुरी करायची ठरली होती, माझा पासपोर्टही झाला होता, आणि मी ऐनवेळी गेले नाही. त्यांना हेही ठाऊक नाही, की तिथून, त्या वाहत्या लाव्ह्यासमोरून, तू मला काहीतरी म्हणालीस आणि ते ऐकून मी तुला नाही नाही ते बोलले. तू नक्की काय म्हणालीस, या एका गोष्टीपायी माझं अन्नपाणी गोड लागत नाही. तुझे गुण गायला तुझ्या संस्थेतली माणसं आहेत. त्यांनी सभा घेतली, हारही मोठा आणला होता.

चौतीस वर्षं तू थिजलेल्या लाव्ह्यावर हातोडी मारत फिरलीस. बिदरपासून पार कोकणच्या कड्यांपर्यंत सगळं पठार लाव्ह्याच्या थरांचं आहे, आणि आपल्या आजोबांची उदगीरकडची काळी जमीन म्हणजे त्याचाच भुगा, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी हुंकार द्यायचंही सोडलं होतं. आणि नशीब बघ, नोकरी लागली ती हैदराबादेत. इथे पायाखाली लाव्हा नाहीच, सगळा ग्रॅनाइट. "अक्का, आपण चुकीच्या दगडावर घर केलंय," तू म्हणायचीस. "बरोबरच्या दगडावर केलं असतं तर नळाला पाणी आलं असतं का?" मी विचारायचे. तू हसायचीस. एक गोष्ट मात्र तू कधी हसत सांगितली नाहीस. "जन्मभर मी मढीच तपासली गं. एकदा तरी जिवंत बघायचाय."

एकदाच तू मला तुझ्या कामावर नेलंस, विकाराबादच्या पुढे, नव्या रस्त्यासाठी टेकडी कापली होती तिथे. मे महिना होता. मी छत्री घेऊन जीपच्या सावलीत बसले, धपाटे खाल्ले आणि दर दहा मिनिटांनी तुला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. साडीच्या दुकानात बायका उभ्या राहतात तशी तू त्या कापलेल्या भिंतीशी उभी होतीस. बोट फिरवत होतीस, मागे सरकून बघत होतीस, पुन्हा जवळ जात होतीस. मग मला ओढत नेलंस. "हात लाव." मी लावला आणि झटकन काढून घेतला. "पोळतंय की गं!" तू एवढी हसलीस की ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. "साडेसहा कोटी वर्षं झाली, अक्का. अजून पोळायलंय तुला?" मग तू दोन थरांमधली रेघ दाखवून बरंच काही सांगितलंस. कुठला लाव्हा कसा वाहिला, कुठला गुळगुळीत, कुठला खडबडीत, त्यांची नावं काय. मी "हो का", "अरे वा" म्हणत होते आणि मनात एकच होतं, आईच्या औषधाच्या वेळेपर्यंत घरी पोचतो की नाही. ती नावं त्या दिवशी नीट ऐकली असती तर आज हे असं लिहायला बसले नसते.

माझं लग्न झालं नाही आणि तू लग्न केलं नाहीस. नातेवाईक या दोन वाक्यांत फरक करतात. मीही करत आले, आणि त्याचा राग तुझ्यावर काढत आले. आपली कितीतरी भांडणं अर्धवट राहिली आहेत. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचं तर फारच. तू एक दिवस सहज म्हणालीस, हा समुद्रातला किडा आहे, दगड झालेला. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तू येऊन म्हणालीस, "किडा म्हणजे वाईट असं थोडंच म्हटलं मी? इतकी वर्षं टिकला, पूजा करण्यासारखाच आहे." मी म्हटलं, हे बोलणं आधी करायचं होतंस. त्यावर तू काहीतरी बोलणार होतीस, तेवढ्यात आईने हाक मारली. ते काय होतं, मला आठवणीने विचारायचं होतं.

आता 'आ'चं. जामबागेत आपण वाढलो त्या गल्लीत मराठी घरं चार, बाकी सगळी उर्दू नाहीतर तेलुगू बोलणारी. पलीकडच्या गच्चीवर कबुतरं होती आणि त्यांचा मालक संध्याकाळी दाणे उधळत "आ, आ, आ" करायचा. ते तू उचललंस. तीन वर्षांची असशील. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून, हात हलवून मला बोलवायचीस, "आ, अक्का, आ." बाबा चिडायचे. "आ काय? ये म्हण. मराठी माणसाच्या पोरी ना तुम्ही?" पुण्याची आत्या आली की तीही नाक मुरडायची. मग 'ये' चारचौघांतला झाला आणि 'आ' आपल्या दोघींचा. लपंडावात, शाळेच्या फाटकाशी, पुढे तू कॉलेजातून आणि मी आबिड्सच्या ऑफिसातून सुटल्यावर बसस्टॉपवरच्या गर्दीत हात वर करून, "आ, आ". तू एकदा म्हणाली होतीस, "आपला 'नको' त्यांनी घेतला आणि 'नक्को' केला. त्यांचा 'आ' आपण घेतला. फिट्टंफाट." छान बोलायचीस तू कधीकधी.

आपलं गाडं अडायचं ते मात्र त्या 'नको'पाशी. मला नको म्हणायची सवय. आपल्याकडे सगळ्यांनाच असते. समोरच्याने विचारायचं, आपण नको म्हणायचं, त्याने आग्रह करायचा, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि मग हसत हसत घ्यायचं. ही रीत तुला कधी कळलीच नाही. पंगतीत वाढायला उभी राहिलीस की कुणी "पुरे" म्हणायचा अवकाश, तू भांडं घेऊन पुढे. आई कपाळावर हात मारायची. "विजूच्या हाती पळी देऊ नका, व्याही उपाशी उठतील!" त्यावर तुझं आपलं एकच, "नको म्हणाले ना ते? मग?" साठी उलटली तरी तुझा 'मग' गेला नाही.

निवृत्त झाल्यावर तू आइसलँडचं ठरवलंस. तिथला एक ज्वालामुखी जागा झाला होता. लाव्हा सावकाश वाहतोय, पायी जाऊन जवळून बघता येतोय, असं तिकडच्या तुझ्या ओळखीच्या बाईने कळवलं होतं. तू नल्लकुंट्याला माझ्याकडे आलीस आणि चपला काढायच्या आधी म्हणालीस, "अक्का, तू पण चल. आता आई नाही, तुझी नोकरी नाही. कामून बसून राहायलीस?" मी चार दिवस आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. त्याने विचारलं, "कायकू जारे, अम्मा?" मी सांगितलं, "पत्थर देखने." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आपण दोघी त्यावर आठवडाभर हसलो. लोकरी मोजे घेतले, कानटोपी घेतली. आणि निघायला नऊ दिवस असताना मी तुला म्हटलं, "मला नको वाटतंय गं. गुडघा धरतो. तू जा."

गुडघा धरत होता, हे खोटं नाही. पण कारण ते नव्हतं, आणि खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी तू त्या बाईला फोनवर सांगत होतीस, माझी बहीण येतेय, तिला यातलं काही कळत नाही, ती गाडीत बसून राहील. इंग्रजीत सांगत होतीस, पण तेवढं इंग्रजी मला येतं. तू बोललीस त्यात चूक काहीच नव्हतं, विकाराबादला मी तेच केलं होतं. तरी लागलं. वाटलं, मी नको म्हणेन, मग तू म्हणशील, अक्का, तुझ्याशिवाय मी जाणार नाही. तू हट्टाला पेटशील, मी चिडेन, तू रडकुंडीला येशील, आणि मग मी मोजे बॅगेत भरेन. तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "नक्की?" मी म्हटलं, "हो." तू म्हणालीस, "बरं."

बरं! सदुसष्ट वर्षांच्या बाईचं मन एका शब्दात मोडलंस आणि बाहेर जाऊन ऑटोला हात केलास.

तिकडे पोचल्यावर पाचव्या दिवशी दुपारी तुझा व्हिडिओ आला. मी डाळ निवडत होते. बावन्न सेकंदांचा व्हिडिओ. काळी-राखाडी जमीन, तिच्यावरून धूर, लांब माणसांच्या रंगीत जाकिटांचे ठिपके. मग त्या काळ्या सालीला एक चीर पडते, आतून केशरी जीभ बाहेर येते, फुगते, मंदावते, राखाडी होते. तिच्याशेजारी दुसरी येते. मला वाटायचं, लाव्हा गर्जना करत असेल. तो तर नुसता तडतडत होता, तापलेली काच तडकावी तसा. वारा भयंकर होता. तुझा श्वास ऐकू येत होता, जिने चढून आल्यासारखा. आणि शेवटी, वाऱ्यात आधी काहीतरी विरून गेलं, मग तुझा आवाज, "आ, आ…" मग "अक्का", मग पुन्हा अर्धवट एक "आ". तिथे व्हिडिओ संपतो.

मला तो टोमणा वाटला. घरात बसून "बरं" म्हणून मोकळी झालेली तू, आता तिथे पोचल्यावर मला बोलावत होतीस, कबुतराला बोलवावं तशी. मी डाळीचा हात तसाच मोबाइलवर ठेवला आणि बोलले. "आता बोलावतेस? तिकडे गेल्यावर? आई सहा वर्षं अंथरुणावर होती तेव्हा कधी म्हणालीस, अक्का, तू जरा बाहेर जाऊन ये, मी बसते? नको मला तुझं बोलावणं. तुझे दगड तुला लखलाभ." हे ते एकोणीस सेकंद. त्यातलं आईचं तर साफ खोटं. दर रविवारी तू तार्नाक्याहून यायचीस, आईला अंघोळ घालायचीस, तिचे केस विंचरायचीस आणि मला म्हणायचीस, "जा, जरा फिरून ये." मी "नको" म्हणायचे. तू "बरं" म्हणायचीस.

परत आल्यावर एका रविवारी तू घरी आलीस. थकलेली दिसत होतीस. मी विचारलं नाही. व्हरांड्यात बसून चहा प्यालीस. टँकर आला नाही, कामवाली गावी गेली, हे सगळं बोलून झालं. मग तू मोबाइल काढलास. "अक्का, बघतेस का थोडं? खूप आहेत व्हिडिओ." मी म्हटलं, "चष्मा आत आहे." चष्मा माझ्या डोक्यावर होता, विजू. केसांवर सरकवलेला. तुला दिसत होता. तू आधी चष्म्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हसेल, आणि हसली की मीही हसेन आणि सगळं मिटेल. तू "बरं" म्हणालीस आणि मोबाइल पर्समध्ये ठेवलास. मी तुला सोडायला फाटकापर्यंतही आले नाही.

मग त्या गुरुवारी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन. दूध करपल्याचा वास आला म्हणून तिने दार वाजवलं होतं, मग दुसऱ्या किल्लीने उघडलं. मी पोचले तेव्हा तू स्वयंपाकघरात जमिनीवर होतीस आणि गॅस कुणीतरी बंद केलेला होता. मी तुझा हात धरून चोळत बसले. गार पडलेल्या हाताला चोळून काही होत नाही, हे मला आईच्या वेळेपासून माहीत आहे, तरी चोळत बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुला कधीपासून त्रास होत होता, त्या व्हिडिओतला तो श्वास नुसता चढाचा होता की आणखी कशाचा, हे आता कुणाला विचारू? श्वास मी ऐकला होता. बावन्न सेकंद ऐकला होता. त्यावरही मी तुला काही विचारलं नाही.

तेव्हापासून माझं काही धड चाललेलं नाही. स्वयंपाक आधीही एकटीचाच होता, तरी आता जास्त होतो आणि टाकून द्यावा लागतो. देवापुढे दिवा लावायचं सोडलं. त्या शाळिग्रामाच्या भांडणात तू जिंकलीस म्हण. लोक म्हणतात, काळ हेच औषध. असू दे त्यांच्यापाशी, मला बरं व्हायचं नाही. तू माझ्यासाठी काय काय केलंस ते आठवून तरी बरं वाटावं, तर तेही टोचतं. चाळिशीत तू मला मोपेड शिकवलीस, बरकतपुऱ्याच्या रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी, मागून धावत. येणारेजाणारे हसत होते. "अक्का, ब्रेक आहे की. भ्यायलीस कशाला?" त्या मोपेडवरून एकदा मी एकटी टँकबंडला गेले, आईस्क्रीम खाल्लं, तासभर पाण्याकडे बघत बसले आणि घरी येऊन बँकेत गर्दी होती म्हणून सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार आहे. ती तुझ्यामुळे होती, आणि मी तुला तिच्याबद्दल कधी बोलले नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने तुझी अनुषा आली. तुझ्या हाताखाली पीएचडी करणारी, खम्ममची ती उंच मुलगी. तुझ्या वह्या न्यायला आली होती. तिचं तेलुगू मला अर्धं कळतं, माझं मराठी तिला मुळीच नाही, म्हणून आम्ही आपल्या जामबागेच्या गल्लीतल्या भाषेत बोललो. चहा देताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मॅडम तिकडून आल्यावर काही म्हणाल्या का. मग राहवेना. सांगून टाकलं, की लाव्ह्यासमोर उभी राहून ती मला "आ, आ" म्हणाली आणि मी तिला वाट्टेल ते बोलले. व्हिडिओ मात्र दाखवला नाही, कारण त्याच्याखाली माझा आवाज आहे.

अनुषाने कप खाली ठेवला. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो अम्मा! आ आ बोले तो लावा का नाम है!"

"क्या?"

"लावा की एक जात है, अम्मा. खुरदरा रहता, टूटा टूटा, ईंटों के ढेर के जैसा. उसको आ आ बोलते. हवाई के लोगां का लफ्ज है, अब सारी दुनिया वही बोलती. मॅडम आपको लावा का नाम बता रहे थे."

विजू, मी रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. तू मला बोलावतच नव्हतीस! टोमणा नव्हताच. तू आपली नेहमीसारखी समोरच्या दगडाचं नाव सांगत होतीस आणि मी त्या नावाशी कडाकडा भांडले. ही चूक हैदराबादच्या मराठी बाईलाच जमावी. पुण्याच्या आत्याला 'आ' हे बोलावणं वाटलंच नसतं. माझा निरोप ऐकून तूही पोट धरधरून हसली असशील, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी दोन घास पोटभर जेवले.

अनुषाने आणखी सांगितलं. लाव्ह्याची दुसरी जात असते, गुळगुळीत, तिचं नाव 'पाहोयहोय'. दर वर्षी नव्या मुलांना शिकवताना म्हणे तू सांगायचीस, आमच्या घरच्या मराठीत एक लाव्हा 'ये ये' म्हणतो आणि दुसरा 'होय होय' म्हणतो, म्हणून मला ही नावं पाठ करावी लागली नाहीत. सगळा वर्ग हसायचा. म्हणजे तेलुगू, तमिळ, बंगाली पोरांना हा विनोद माहीत होता. मला तू सांगितला नसशील असं नाही. मी तेव्हा भाजी निवडत असेन, नाहीतर आईला ओ देत असेन, नाहीतर मुद्दाम ऐकलं नसेल. तीस वर्षं तू माझ्यासमोर जेवताना 'आ आ' म्हणत होतीस आणि हे काय गं, असं मी एकदाही विचारलं नाही.

मग मला लाव्हा शिकायचं वेड लागलं. प्रायश्चित्त म्हण हवं तर. अनुषाने तुझी एक वही माझ्याकडे राहू दिली. अक्षर इंग्रजी आणि किरटं, पण पेन्सिलीची चित्रं तू सुरेख काढायचीस. अनुषा पुन्हा दोनदा आली, शेजारी बसून तिने एकेक चित्र समजावलं. 'आ आ' पुढे सरकतो तेव्हा त्याची साल फुटते, तिची ढेकळं होतात, पुढच्या अंगाला कोसळतात, आणि तो आपल्याच ढेकळांवरून चालत येतो. 'पाहोयहोय'ची साल तशी फुटत नाही. आतला रस वाहत राहतो, वरची साल ओढली जाते आणि तिला वळ्या पडतात, दुधावरच्या सायीला बोट लावल्यावर पडतात तशा. मी नावं हाताने झाकून स्वतःची परीक्षा घेतली. एकही चुकलं नाही. तू असतीस तर सगळ्या नल्लकुंट्याला ऐकू जाईल एवढ्यांदा हसली असतीस.

परवा दुपारी तुझा व्हिडिओ पुन्हा लावला. इतके दिवस मी तो फक्त ऐकत होते, तेही शेवटचे चार सेकंद. परवा पहिल्यांदा नीट बघितला. केशरी जीभ बाहेर आली. फुगली. राखाडी झाली. आणि तिच्या सालीला वळ्या पडायला लागल्या. एकीमागे एक, सावकाश, दोर गुंडाळत जावा तशा. शेजारच्या जिभेलाही तेच. मागची थिजलेली जमीनही तशीच, गुळगुळीत, वळ्यावळ्यांची. ढेकूळ म्हणून एक नाही. मी पुन्हा बघितला. थांबवून बघितला, दोन बोटांनी मोठा करून चारही कोपरे बघितले. मग लाज सोडली आणि तेवढा व्हिडिओ अनुषाला पाठवला. विचारलं, हा कुठला?

तिचं उत्तर लगेच आलं. "पाहोयहोय, अम्मा! कितना सुंदर है!" मग थोडा वेळ काहीच नाही. मी हे का विचारते आहे ते तिला तेव्हा आठवलं असावं. मग दुसरं आलं. "आ आ बाजू में होगा, अम्मा. कॅमेरे में नहीं आया होगा." मुलगी भली आहे, तुझ्याच हाताखालची. पण तिला तुझा स्वभाव माहीत आहे आणि मलाही. समोर एक दगड असताना बाजूच्या दगडाचं नाव सांगणारी तू नव्हेस. दगडाचं चुकीचं नाव तर तू कुणी जीव घेतला असता तरी सांगितलं नसतंस.

म्हणजे तू मला बोलावत होतीस. जन्मात कुणाला दुसऱ्यांदा न विचारणारी तू, तितक्या लांबून, दम लागलेला असताना, वाऱ्यात ओरडून मला ये म्हणत होतीस. ज्या आग्रहासाठी मी अडून बसले होते तो तू केलास. तो मला ऐकू आला, पहिल्याच वेळी नीट ऐकू आला, आणि अर्थही बरोबर लागला. मी लाव्हा शिकले नसते तर बरं होतं. ते दगडाचं नाव होतं, असं धरून उरलेले दिवस कसेबसे निघाले असते. आता तेही नाही.

विजू, पहिल्यांदा, गुडघ्याचं सांगून, मी नको म्हणाले ते खोटं होतं. दुसऱ्यांदा, त्या एकोणीस सेकंदांत, म्हणाले ते खरं होतं. आणि तू, तुझ्या सवयीप्रमाणे, दोन्ही वेळा ते खरंच मानलंस.